पाथरीची ओळख

पाथरी बघायची तर आधी खाली बसावं लागतं. उभ्या माणसाला बांधावर नुसतं हिरवं दिसतं. त्यात हरळी असते, एकदांडी असते, दुधी असते, गाजरगवताची कोवळी रोपं असतात, आणि या सगळ्यांच्या मधे, मातीला अंग लावून, पाथरी असते. खुरपणीला बसलेल्या बाईची नजर जमिनीपासून हातभर वर असते. पाथरी त्या उंचीवरूनच नीट दिसते. पानं मुळाच्या डोक्यावरून थेट चहूकडे फुटलेली, गोल पसरलेली. मधून खोड वर आलेलं नाही. पान लांबट, टोकाकडे रुंद, बुडाकडे निमुळतं, दोन्ही कडांना खाचा. त्या खाचांच्या काठाकाठाने बारीक पांढुरके दाते असतात. डोळ्यांना ते चटकन दिसत नाहीत, पण कडेवरून बोट फिरवलं की कळतात. टोचत नाहीत, रुतत नाहीत, बोट फक्त किंचित अडखळतं. बाकी सगळं पान गुळगुळीत, लव अजिबात नाही.

आमच्या बार्शी-मोहोळच्या काळ्या रानात ही भाजी कुणी पेरलेली मी लहानपणी पाहिली नाही. ती असायचीच. पाटाच्या कडेला, कांद्याच्या वाफ्यात, घासात, मळ्यातल्या गव्हात. पावसाळ्यात बांधावर आणि पाऊस सरल्यावर जिथे पाण्याची ओल पोचते तिथे. खुरपता खुरपता बायका चांगली पानं ओट्यात टाकायच्या आणि दुपारी भाकरी सोडली की ती पानं नुसती झटकून, पाटाच्या पाण्यात धुऊन, कच्चीच खायच्या. ज्वारीची भाकरी, खरडा, कांदा आणि पाथरी. घरी आणली तर घोळाणा व्हायचा: पानं बारीक चिरून त्यात कांदा, दाण्याचं कूट, मीठ, तिखट आणि वरून कच्चं तेल. शिजवायची झाली तर मूगडाळ घालून. पण माझं मत विचाराल तर पाथरी शिजवणं म्हणजे तिची अर्धी चव चुलीला देणं. तिचा जो कडवटपणा आहे, जिभेच्या मागच्या बाजूला हळूच येणारा आणि भाकरीच्या घासाबरोबर गोड होत जाणारा, तो कच्च्या पानातच असतो.

हा कडवटपणा कुठून येतो हे पान तोडल्याबरोबर दिसतं. देठाच्या तुटल्या जागी क्षणात दुधाचा थेंब जमतो. पांढराशुभ्र, किंचित घट्ट. बोटाला लागला तर चिकट लागतो आणि थोड्या वेळाने वाळून तपकिरी डाग राहतो. पाथरी ज्या घराण्यातली आहे त्या घराण्यात कडू द्रव्यं या दुधातच साठवलेली असतात. पान कुरतडायला आलेल्या किड्याच्या तोंडाला पहिल्या चाव्यालाच हा चिकट कडू चीक लागतो. झाडाची ही संरक्षणाची व्यवस्था, आणि माणसाने मात्र तिच्यासाठीच ते पान ताटात घेतलं. रोप फुलावर आलं की चीक वाढतो, पानं जून आणि जास्त कडू होतात. म्हणून पाथरी फुलायच्या आधी खायची, हा नियम रानात सगळ्यांना ठाऊक असतो.

घराणं म्हणजे सूर्यफुलाचं कूळ. वनस्पतींच्या सगळ्यांत मोठ्या कुळांपैकी हे एक. जगभरात २३ हजारांहून अधिक जाती त्यात मोजल्या जातात. आपल्या रोजच्या जगण्यात या कुळाची माणसं – माणसंच म्हणते, कारण इतकी ओळखीची आहेत – जागोजागी भेटतात. दसऱ्याचा झेंडू, गौरीपुढची शेवंती, शेतातलं सूर्यफूल, केसांना लावायचा माका, शाळेतून येताना खरचटल्या गुडघ्यावर चोळलेला एकदांडीचा पाला. आणि करडई. सोलापूर-मराठवाड्यात करडईचं तेल तर खातातच, पण कोवळ्या करडईची पालेभाजीही करतात. काटे धरायच्या आधी विरळणीत उपटलेली ती रोपं पाथरीच्या शेजारीच बाजारात बसतात. दोघी एकाच कुळातल्या, एक पेरलेली आणि एक आपोआप आलेली.

या कुळाचं फूल म्हणजे एक फूल नसतंच, तो फुलांचा मेळावा असतो. पाथरीचं पिवळं फूल हातात घेऊन एक एक 'पाकळी' चिमटीने ओढून काढावी. प्रत्येक पाकळीच्या बुडाशी बीज धरणारा इवलासा भाग असतो, त्याच्याभोवती पांढऱ्या केसांचा झुबका, मधून नळीसारखे जुळलेले पुंकेसर आणि त्यांच्यातून वर आलेली, टोकाशी दुभंगलेली स्त्रीकेसराची काडी. म्हणजे ती पाकळी हेच एक संपूर्ण फूल. तिच्या टोकाला भिंगातून पाहिलं की पाच दाते दिसतात. पाच पाकळ्या जुळून एक पट्टी झाली, त्याची ती शिल्लक राहिलेली खूण. सूर्यफुलात कडेला पट्ट्या आणि मधे नळ्या अशी दोन प्रकारची फुलं असतात. पाथरीत मात्र सगळ्याच पट्ट्या. सगळ्या पट्ट्या आणि अंगात दूध, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की तिच्या जवळच्या नातेवाइकांची यादी आपोआप ठरते. लेट्यूस, कॉफीत मिसळतात ती चिकोरी, युरोपातल्या कुरणांत पिवळ्या गालिच्यासारखं पसरणारं डँडेलियन. लेट्यूस तर प्राचीन इजिप्तमध्ये मिन या सुफलतेच्या देवाशी जोडलेलं होतं. भिंतींवरच्या चित्रांत त्याच्याजवळ लेट्यूसची उंच रोपं उभी दिसतात. एवढ्या मानाच्या घरची ही मुलगी आमच्याकडे पाटाच्या कडेला बसते, याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

पुस्तकांनी पाथरीची दखल घेतली ती फुलाच्या आणि बीजाच्या अंगाने. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा अधीक्षक असलेला विल्यम रॉक्सबर्ग हा स्कॉटिश डॉक्टर १८१५ मध्ये वारला, पण त्याने तिला दिलेलं नाव त्याच्या 'फ्लोरा इंडिका'तून पुढे टिकलं. तेव्हा ती प्रेनॅन्थेस या वंशात होती. आजचं तिचं शास्त्रीय नाव, लौनिया प्रोकंबेन्स, हे रामय्या आणि राजगोपाल या दोन भारतीय अभ्यासकांनी १९६९ मध्ये ठरवलं. रॉक्सबर्गने पाहिलेली जमिनीवर लोळण्याची सवय मात्र नावात कायम राहिली. मधल्या काळात आपल्या भागाची वनस्पतिसूची लिहिली थिओडोर कुक यांनी. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे ते प्राचार्य, मूळचे इंजिनिअर. 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' हा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागांनी निघाला आणि महाराष्ट्रात गवताची काडी ओळखायची म्हटली तरी आजही अभ्यासक तो उघडतात.

असा ग्रंथ वाचायचा म्हणजे पायरीपायरीने उतरायचं. बीजाला चोच आहे का? बीजावरचे केस कसे आहेत, मऊ की राठ, की दोन्ही? फुलाखालच्या हिरव्या छदांच्या कडा पातळ पांढऱ्या आहेत का? खोडाच्या पेरांना मुळं फुटतात का? प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं की वाट दुभंगते आणि शेवटी एका नावाशी येऊन थांबते. ही पद्धत मला फार आवडते. तिच्यात घाई नाही, आणि 'मला तसं वाटतं' याला जागा नाही. फक्त तिला फूल लागतं, बीज लागतं. नुसत्या पानांचा गोल चकदा घेऊन तिच्या दारात गेलं तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांपलीकडे उतरता येत नाही.

आणि स्वयंपाकघराला नेमका तोच चकदा हवा असतो.

माझ्या आत्याला या दोन ज्ञानांमधली फट फार लवकर कळली होती. तिने कुक वाचलेला नाही. ती शाळेत गेली ती जेमतेम वाचण्यापुरती. पण मी वनस्पतिशास्त्र शिकत असताना भिंग घेऊन बांधावर बसले, तेव्हा माझ्याकडे बघून ती म्हणाली होती, "फुलं यायच्या आत वळखायची असती गं भाजी. फुलं आल्यावर काय, म्हशीबी वळखत्यात." म्हशी पाथरी आवडीने खातात हे खरंच आहे. दुभत्या जनावराला पाथरी घातली की दूध वाढतं, असं आमच्याकडे सगळे सांगतात आणि बांधावरची पाथरी निम्मी गोठ्यात जाते.

तिची परीक्षा घ्यायची म्हणून मी पानं आणून तिच्यापुढे ठेवायची. ती आधी मोडून दूध बघायची. दूध नसलं तर विषय संपला. गाजरगवताचं कोवळं रोप असंच जमिनीला चिकटून, खाचाखाचांच्या पानांचं असतं आणि लांबून फसवतं; पण त्याला दूध नाही, अंगावर लव आहे आणि खाचांच्या आत पुन्हा खाचा आहेत. ते तिने हातात घेतलंच नाही, दुरूनच मान हलवली. (हे गवतही सूर्यफुलाच्याच कुळातलं. १९५०च्या दशकात पुण्यात त्याची पहिली नोंद झाली आणि मग देश व्यापला.) एकदांडीला दूध नाही, पानं समोरासमोर आणि खरखरीत. दुधीला दूध आहे, भरपूर आहे, आणि म्हणून नुसत्या दुधावर भरवसा ठेवता येत नाही. दुधी वेगळ्याच कुळातली, तिचा चीक कातडीला आणि डोळ्यांना त्रास देणारा. पण तिला तांबूस खोड असतं आणि त्यावर जोडीजोडीने लहान पानं असतात. मुळाशी गोल चकदा कधीच नसतो. दूध आणि चकदा दोन्ही हवेत, आणि कडेचे दाते हवेत.

खरी अडचण होते ती म्हाताऱ्याशी. सोन्कस या वंशातलं हे वर्षायू तण पाथरीचं सख्खं भावंडच आहे. लहानपणी दोघांचे चकदे सारखे दिसतात, दोघांना दूध, दोघांना खाचा. काही गावांत त्यालाही पाथरीच म्हणतात आणि खातातही. मोठेपणी तो सरळ उभा वाढतो, खोड आतून पोकळ असतं आणि पानं बुडाशी दोन कान काढून खोडाला मिठी मारतात. पण मोठेपणी ओळखून काय उपयोग? मी त्याची चार पानांची रोपं आणली तेव्हा आत्याने एक पान उन्हाकडे धरलं आणि म्हणाली, "ह्यो पातळ हाय. आन् ह्याची कड बघ, मऊ हाय." पाथरीचं पान जाडसर, मळकट हिरवं. म्हाताऱ्याचं पातळ, त्यातून उजेड आरपार जातो. मी नंतर वर्षभर दोन्ही रोपं जवळजवळ बघत राहिले आणि तिचं म्हणणं प्रत्येक वेळी टिकलं. ही खूण मला कुठल्या पुस्तकात भेटलेली नाही.

कोकणात गेलं की आणखी एक बहीण भेटते. समुद्राच्या वाळूत, मर्यादवेलीच्या जवळ, बारीक दोरीसारखे धुमारे सोडत जाणारी लौनिया सारमेंटोसा. धुमारा पुढे जाऊन वाळूत मुळं सोडतो, तिथे पानांचा नवा चकदा, तिथून पुन्हा धुमारा. आमची पाथरी असं करत नाही. तिच्या फांद्या जमिनीवर पसरतात, पण पेरांना मुळं फुटत नाहीत. ती आपल्या एकाच सोटमुळावर उभी असते. या सोटमुळामुळे ती बहुवर्षायू आहे. उन्हाळ्यात वरचं सगळं वाळून जातं, रान भेगाळतं, आणि खाली बोटभर जाडीचं मूळ ओल धरून बसलेलं असतं. खुरप्याने पानं छाटली तरी मुळाचं डोकं शिल्लक असेल तर ती पुन्हा फुटते. शेतकऱ्याला हा तणाचा दुर्गुण वाटतो. भाजी खाणाऱ्याला गुण.

पुण्यात राहायला आल्यावर मी पाथरी लावायचं ठरवलं. खाण्याची ओढ होतीच, पण त्याहून मोठी ओढ होती तिचं सगळं आयुष्य एका जागी बघण्याची. पुस्तकाला ती फुलात भेटते, आत्याला पानात. बी पडल्यापासून पुन्हा बी उडेपर्यंत ती एकच आहे, हे डोळ्यांनी बघायचं तर तिला जवळ वाढवण्यावाचून गत्यंतर नाही.

बी धरायचं काम सकाळचं. पाथरीचं फूल सकाळी उमलतं आणि ऊन तापलं की मिटतं. फलन झाल्यावर ते मिटलेलंच राहतं, छदांची नळी लांबट होते, आणि मग एके दिवशी ती उघडते तेव्हा आत पिवळं काहीच नसतं. पांढऱ्या रेशमी केसांचा गोळा असतो. वारा सुटायच्या आत तो चिमटीत धरून हलकेच ओढावा. सहज सुटला तर बी पक्कं. ओढावं लागलं तर एक दिवस थांबावं. बी म्हणजे बारीक, उभ्या रेघांची काडी. तिच्या डोक्यावरचे केस म्हणजे फुलाच्या निदलाचं झालेलं रूपांतर. इतर फुलांत जे हिरवं आवरण असतं, ते इथे उडण्याच्या कामाला लागलं.

हे बी पुरायचं नाही. ओल्या मातीवर नुसतं पसरायचं आणि तळहाताने दाबायचं, एवढंच. याचं कारण पाथरीच्या मावसबहिणीने शिकवलं आहे. १९५२ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या कृषी संशोधन केंद्रात बॉर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर एक प्रयोग केला. भिजलेल्या बियांवर तांबडा प्रकाश पाडला की त्या रुजत. त्यानंतर दृष्टीच्या सीमेवरचा अतितांबडा प्रकाश पाडला की रुजणं थांबे. पुन्हा तांबडा, पुन्हा रुजत. कितीही वेळा उलटसुलट केलं तरी शेवटचा प्रकाश कोणता, यावर बियांचा निर्णय ठरे. झाडाच्या अंगात प्रकाश वाचणारं एक द्रव्य आहे, हे त्यातून पुढे आलं. हिरव्या पानांतून गाळून येणाऱ्या उजेडात तांबडा भाग कमी आणि अतितांबडा जास्त असतो. म्हणजे दुसऱ्या झाडाच्या सावलीत पडलेलं बी आपल्या डोक्यावर कुणीतरी आहे हे जाणतं आणि वाट बघतं. मोठं बी आपल्याबरोबर शिदोरी घेऊन निघतं, ते खोलातून वर येऊ शकतं. एवढ्याशा काडीला ते परवडत नाही, तिला रुजल्याबरोबर उजेड हवा. पाथरी मोकळ्या बांधावर, नुकत्या खुरपलेल्या वाफ्यात आणि पाटाच्या उघड्या काठावर का दिसते, याचा विचार करताना मला नेहमी त्या लेट्यूसच्या बिया आठवतात.

मी बी आश्विन संपता संपता टाकते. पावसाचा मार नको आणि उन्हाचा तडाखाही नको. कुंडी खोल हवी, निदान दीड वीत, कारण मूळ सरळ खाली जातं आणि उथळ कुंडीत तळाशी वळून बसतं. माती काळी असेल तर तीत थोडी वाळू किंवा चहाच्या भुकटीइतकी मोकळी झालेली कुजलेली पानं घालावी. शेणखत बेताने, फार पोसलं तर पानं लुसलुशीत होतात पण मावा धावून येतो. पाणी झारीने, तेही बारीक छिद्रांच्या, नाहीतर बिया केसांसकट तरंगून एका कोपऱ्यात गोळा होतात.

आधी येतात दोन गोलसर बीजपत्रं. त्यांच्याकडे बघून ही पाथरी आहे असं कुणालाच सांगता येणार नाही. तिसरं पान साधं, चमच्यासारखं, खाच नाही. पण भिंग लावलं की कडेला ते पांढुरके दाते आताच दिसतात. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला अतिशय आनंद झाला. खाचा पुढे येतात, एकेका पानागणिक खोल होत जातात. दूध तर त्याआधीच असतं. म्हणजे आत्या ज्या दोन खुणांवर भरवसा ठेवते त्या रोपाच्या अंगात सगळ्यांत आधी उमटणाऱ्या खुणा आहेत, आणि पुस्तक ज्यांच्यावर ठेवतं त्या सगळ्यांत शेवटी येणाऱ्या. दोघांनी मिळून तिचं अख्खं आयुष्य मोजलं आहे.

खायला पानं बाहेरून तोडावीत, मधला कोंब राखावा. असं केलं तर थंडीभर एक रोप पुरतं. फुलाचा दांडा वर येऊ लागला की खुडला तर पानं आणखी काही दिवस चांगली मिळतात, पण एक-दोन रोपं बीसाठी मोकळी सोडावीतच. रानातून आणणार असाल तर सांडपाण्याच्या कडेची आणि फवारलेल्या शेताजवळची कधीच घेऊ नये. आणि जी खात्रीने ओळखता येत नाही ती पानं, कुणी कितीही आग्रह केला तरी, तोंडात घालू नयेत.

फवारणीचा विषय निघाला आहे तर सांगते. हल्ली गावी गेले की पाटाच्या कडेला पाथरी शोधावी लागते. खुरपणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही, म्हणून उसात, ज्वारीत, गव्हात टू-फोर-डी मारतात. या औषधाने गवतवर्गातलं पीक राहतं आणि रुंद पानांचं तण मरतं. झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची ते नक्कल करतं. रोप वेडंवाकडं वाढतं, पिळवटतं आणि संपतं. पाथरी रुंद पानांची. वरून पानं छाटली तर तिचं मूळ तिला वाचवतं, पण हे औषध पानातून मुळापर्यंत जातं. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्याला उभं पीक सांभाळायचं आहे त्याचे हिशेब मी पुण्यात बसून करू शकत नाही. माझं म्हणणं बांधापुरतं आहे. बांधावर पीक नसतं. तरी पाठीवर पंप आहे आणि टाकीत औषध उरलं आहे म्हणून बांधही फवारला जातो. तेवढा सोडावा, असं मी गावात प्रत्येकाला सांगते, आणि काहींनी सोडलाही आहे.

खुरपणी बंद झाली की पाथरी जाते हे दिसतं. त्याबरोबर जमिनीपासून हातभर उंचीवर तासन्‌तास बसण्याची सवयही जाते, हे लवकर दिसत नाही. ऑगस्टमध्ये कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात. मी आवर्जून जाते. गावोगावच्या बायका तिथे आपल्या भाज्या मांडून बसतात आणि शहरातली माणसं थांबून विचारतात, हे मोलाचं आहे. पण तिथे पाथरी जुडीत बांधलेली असते. चकदा मोडलेला, पानं मलूल झालेली, दूध वाळलेलं. तिथल्या एका ताईंना मी म्हटलं, "एक रोप मुळासकट कुंडीत आणून ठेवता येईल का?" त्या लगेच म्हणाल्या, "आणीन की. पण ते विकणार नाही बरं." पुढच्या वर्षी त्यांनी खरंच आणलं, आणि त्या कुंडीभोवती मुलं वाकून बसली होती. दोघातिघांनी पान मोडून दूध पाहिलं. त्या ओरडल्या नाहीत.

सध्या माझ्या गच्चीवर एक जुना वाद चालू आहे. आत्या पाथरीचे दोन प्रकार मानते. पाटाची, रुंद पानांची, खाचा उथळ. आणि बांधाची, कातरी, खाचा पार मधल्या शिरेपर्यंत गेलेल्या. तिच्या मते या दोन वेगळ्या, "जातच येगळी." वनस्पतिशास्त्र दोन्हींना एकच म्हणतं आणि पानाच्या आकारातला फरक ओल-उन्हाच्या पदरी टाकतं. कोण बरोबर, हे ठरवायची रीत जुनी आहे आणि ती याच कुळातल्या एका रानटी बहुवर्षायू झाडावर घडली. कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हिसी या तिघांनी समुद्रकाठापासून सिएरा नेवाडाच्या उंच शिखरांपर्यंतची यॅरोची रोपं गोळा करून ती एकाच वाफ्यात शेजारी शेजारी लावली. १९४८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. डोंगरमाथ्यावरची बुटकी यॅरो खाली सपाटीवर आणली तरी बुटकीच राहिली. तिचं बुटकेपण थंडीने लादलेलं नव्हतं, तिच्या रक्तातलं होतं. एकाच जातीत इतक्या वेगळ्या घडणी असू शकतात, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे आत्या आणि शास्त्र दोघांनाही आपापलं म्हणणं राखता येईल अशी एक शक्यता उरते.

म्हणून यंदा पाटाच्या पाथरीचं बी आणि बांधाच्या पाथरीचं बी मी एकाच लांबट खोक्यात, एकाच मातीत, मधे काठी टाकून पेरलं आहे. दोन्हीकडे सारखं पाणी, सारखं ऊन. रोपं आता खाचा धरू लागली आहेत आणि मी रोज सकाळी प्रत्येक बाजूचं पाचवं पान कागदावर ठेवून त्याची बाह्यरेषा काढते. आत्याला फोनवर हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "पानं काय काढत बसलीयास? खाऊन बघ. बांधाची कडू लागती, पाटाची न्हाई. तितं एका मातीत लावल्यावर बी बांधाची कडूच लागली तर माझं खरं." कडवटपणाही मोजायचा, हे माझ्या मनात आलं नव्हतं. आता कागदावर पानाशेजारी चवीचा एक रकाना वाढवला आहे, आणि डोळे मिटून चाखायला शेजारच्या काकूंना बोलावलं आहे, म्हणजे कुठलं पान कुठल्या बाजूचं हे त्यांना आधी कळायला नको.